बॅटरी संपली की काय होतं गं?

एका चाकाचं इलेक्ट्रिक युनिसायकल बघितलं की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. एका चार्जमध्ये किती जातं, स्पीड किती, शिकायला किती दिवस लागतात. मग जरा वाकून खाली बघतात आणि स्वतःच ठरवून टाकतात की आत मोठा जायरोस्कोप गरगर फिरत असणार, तोच माणसाला धरून ठेवतो. मी पूर्वी दरवेळी हे खोडून काढायचे, आता मूड असेल तरच. बाबांनी मात्र यातलं काहीच विचारलं नाही. ते मोटर रिवाइंडिंगमधले, सगळी हयात तांब्याच्या तारेत गेलेली, त्यांनी माझं व्हील एकदा उचलून बघितलं, वजनाला नाक मुरडलं आणि एवढंच म्हणाले, "चालता चालता बॅटरी संपली की काय होतं गं?"

स्वतः तोल सांभाळणाऱ्या वाहनांच्या या सगळ्या खानदानाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हा एकच आहे असं माझं मत. दांडा धरून उभं राहायची दोन चाकांची सेगवे घ्या, बिनदांड्याचं होव्हरबोर्ड घ्या, मधोमध एक जाडजूड चाक असलेलं वनव्हील घ्या नाहीतर मी चालवते ते युनिसायकल घ्या. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी संपली तर पेडल मारत घरी येता, स्कूटरची संपली तर ती हळूहळू थांबते आणि आपण पाय टेकतो. इथे वाटेत पॉवर गेली तर गाडी थांबत नाही, आपण पडतो, तेही तोंडावर. कारण इथे बॅटरीचं पहिलं काम तुम्हाला उभं ठेवणं हे आहे, पुढे नेणं त्याच कामातून आपोआप होतं. हे एकदा डोक्यात नीट बसलं की मग या वाहनांच्या विचित्र वाटणाऱ्या सगळ्या सवयी कळायला लागतात, ती बीप बीप करतात का, मधेच पेडल, म्हणजे पाय ठेवायच्या फळ्या, वर उचलतात का, उतारावर भरलेल्या बॅटरीला घाबरतात का.

आधी तो जायरोस्कोप निकालात काढू. आत फिरणारं जड चाक वगैरे काही नसतं. जायरो असतो, पण नखाएवढ्या चिपमध्ये, आणि तो कोणाला धरून ठेवत नाही, फक्त सांगतो की आपण कुठल्या बाजूला किती वेगाने कलतोय. धरून ठेवायचं काम चाकाचं. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ सगळ्यांनीच केलाय, काठी ज्या बाजूला पडतेय त्या बाजूला हात न्यायचा, हात तिच्या खाली पोचला की ती सरळ. बस, एवढंच. काठी म्हणजे तुम्ही, हात म्हणजे चाक. फिजिक्सवाले याला उलटा लंबक म्हणतात आणि कंट्रोल शिकवणाऱ्या प्रत्येकाला त्याचं फार प्रेम असतं.

हा लंबक पडतो किती पटकन, ते मी एकदा कागदावर काढून बघितलं होतं. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य चाकाच्या आसापासून ढोबळमानाने मीटरभर वर असतो. अशा लंबकाला १ अंश कलवून सोडून दिलं तर अर्ध्या सेकंदात तो जेमतेम अडीच अंशांवर येतो, काहीच घडत नाहीये असं वाटतं, आणि पूर्ण एक सेकंद झाला की ११ अंशांच्या पुढे गेलेला असतो, दीड सेकंदाला खेळ खलास. म्हणजे सुरुवातीला सुधारलं तर फार थोड्यात काम होतं आणि उशीर केला तर मोटरला अचानक भयंकर जोर लावावा लागतो. माणसाला काही दिसल्यापासून हात-पाय हलवायला साधारण पाव सेकंद जातो. मूळ सेगवे सेकंदाला १०० वेळा कल तपासायची, आजच्या व्हीलमधले कंट्रोलर त्याहून कितीतरी जास्त वेळा तपासतात. त्यामुळे आपल्याला काही जाणवायच्या आत दुरुस्ती होऊन गेलेली असते आणि पायाखाली काहीतरी घट्ट जमिनीसारखं आहे असं वाटत राहतं. ते तसं नाहीये, हे विसरायला होतं ही या वाहनांची खरी भानगड.

दुसरी गोष्ट मला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पटली नसती. भाचीबरोबर आम्ही एक छोटा दोन चाकी बॅलन्सिंग रोबो बनवला होता, आर्डुइनो नावाचा एक छोटा कंट्रोलर बोर्ड, एक स्वस्तातला सेन्सर, दोन मोटरी. त्याला पुढे जा म्हटलं की तो आधी किंचित मागे जातो. भाचीला वाटलं वायर उलट्या जोडल्या. पण वायर बरोबर होत्या. पुढे जायचं तर शरीर पुढे कलायला हवं, आणि कलवायला दुसरं कोणी नाही, म्हणून चाक मागे सरकून शरीराला पुढे पाडतं आणि मग त्याच्या मागे धावतं. थांबताना याच्या उलट, आणि हे जास्त महत्त्वाचं आहे, थांबायचं असेल तर चाकाला आधी क्षणभर तुमच्या पुढे जावं लागतं, म्हणजे वेग वाढवावा लागतो, तेव्हा शरीर मागे कलतं, आणि मग कुठे ब्रेक लावता येतो. ब्रेक लावण्यासाठी आधी पळावं लागणारं वाहन! हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सेन्सरची गंमतही सांगायलाच हवी, कारण तिथे दोन अर्धवट साक्षीदार आहेत आणि दोघांवरही विश्वास ठेवता येत नाही. जायरोच्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिशय बारीक भाग सतत थरथरत असतो, चिप वळली की थरथरीची दिशा किंचित बाजूला ढकलली जाते, कोरिऑलिस परिणाम तो हाच, आणि त्यावरून वळण्याचा वेग कळतो. वेग कळतो, कोन नाही. कोन काढायला तो वेग सतत बेरजेत घ्यावा लागतो आणि प्रत्येक बेरजेत इवलीशी चूक असते, ती साचत जाते, काही मिनिटांनी जायरो छातीठोकपणे सांगतो की तुम्ही वाकडे आहात आणि तुम्ही सरळ असता. मग दुसरा साक्षीदार, ॲक्सिलरोमीटर. त्याला गुरुत्वाकर्षण जाणवतं, म्हणून खाली कुठे आहे ते माहीत असतं, आणि तो कधी भरकटत नाही. पण खड्डा आला, वेग वाढला, ब्रेक लागला की त्याला तो धक्का आणि गुरुत्वाकर्षण यातला फरक कळत नाही, तो बावचळतो. उपाय असा की तातडीच्या हालचालीसाठी जायरोचं ऐकायचं आणि दूरच्या पल्ल्यासाठी ॲक्सिलरोमीटरचं. हौशी लोकांच्या कोडमध्ये याचे आकडे बऱ्याचदा ०.९८ आणि ०.०२ असे सरळ लिहिलेले दिसतात, ९८ टक्के भरवसा यावर, २ टक्के त्यावर, आणि त्या दोन टक्क्यांमुळे सगळं ताळ्यावर राहतं. मोठ्या गाड्यांमध्ये यापेक्षा भारी फिल्टर असतात पण तत्त्व तेच.

हे झालं पुढे-मागे. डावी-उजवीकडे कोण सांभाळतं? सेगवे आणि होव्हरबोर्डला दोन चाकं शेजारी शेजारी आहेत म्हणून प्रश्नच येत नाही, वळायला दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवली की झालं. होव्हरबोर्डमध्ये तर दोन अर्धे तुकडे मधे खिळीवर फिरतात, प्रत्येक पायाचा सेन्सर वेगळा, एक पाय पुढे दाबला एक मागे की जागच्या जागी गिरकी. युनिसायकलला मात्र बाजूचा तोल मशीन अजिबात सांभाळत नाही, तो सगळा तुमचा. शिकताना जो घाम निघतो तो यासाठी.

आता मोटर. चाकाच्या आतच बसवलेली ब्रशलेस हब मोटर असते, गिअर नाही, चेन नाही, कॉइल मधे स्थिर आणि लोहचुंबकांची कडी बाहेरून फिरते. चुंबक नेमके कुठे आहेत ते हॉल सेन्सर सांगतात आणि कंट्रोलरवरचे मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याप्रमाणे तीन फेजमध्ये करंट सोडतात. तुम्ही पुढे झुकलात की मोटर चाकाला पुढे पिळते, आणि त्याची प्रतिक्रिया तुमच्या पेडलला मागे पिळते, ती प्रतिक्रियाच तुम्हाला पडू देत नाही. म्हणजे चाक ढकलणारा टॉर्क, हा पिळण्याचा जोर, आणि तुम्हाला सावरणारा टॉर्क वेगळे नाहीत, एकच आहे. झुकणं म्हणजे टॉर्क मागणं. मागितला तेवढा मिळाला तर तुम्ही पुढे जाता, नाही मिळाला तर पुढे पडता.

मग तो कमी कधी पडतो? इथे मला बाबांना काही समजवावं लागलं नाही, उलट त्यांनीच सांगितलं. मोटर फिरायला लागली की ती एकीकडे जनरेटरही असते, स्वतःचं उलटं व्होल्टेज तयार करते, आणि जितकी जोरात फिरेल तितकं ते जास्त. बॅटरीचं व्होल्टेज वजा हे उलटं व्होल्टेज, जे उरेल त्यातूनच करंट ढकलायचा. समजा २० सेल सीरिजमध्ये आहेत, प्रत्येक पूर्ण भरलेला ४.२ व्होल्ट, म्हणजे पॅक ८४ व्होल्ट. ताशी ५० किलोमीटरला मोटरचं उलटं व्होल्टेज समजा ५५. हाताशी उरले २९. आता तीच बॅटरी बऱ्यापैकी उतरली, सेल ३.३ वर आला, पॅक ६६ व्होल्ट, उरले ११. त्यात जोर लावला की बॅटरीचं व्होल्टेज आणखी पाच-सहा व्होल्टनी खाली बसतं, ते वेगळंच. वेग तोच, रस्ता तोच, आणि पडण्यापासून वाचवायला शिल्लक असलेला जोर पाव हिश्शाहून कमी. बॅटरीवर मात्र अजून काही टक्के शिल्लक दिसतायत! ही गोष्ट नव्या लोकांना सांगून पटत नाही. त्यांना वाटतं टक्के म्हणजे पेट्रोलचा काटा, शेवटच्या थेंबापर्यंत गाडी तशीच धावणार.

याला वारा आणखी हातभार लावतो. उभा माणूस म्हणजे हवेला आडवा लावलेला अडसर, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला लागणारी पॉवर घनाने. वेग दुप्पट केला की हवेशी भांडायला आठपट पॉवर. ताशी ३० ला माझ्यासारख्या माणसाला सगळं धरून तीनशे-चारशे वॉटमध्ये भागतं, ६० ला दोन हजारांच्या घरात जातं. म्हणजे वाढत्या वेगाबरोबर मागणी वाढत जाते आणि मघाशी बघितलं तशी देण्याची ऐपत कमी होत जाते, आणि जिथे हे दोन्ही भेटतात तिथे पुढे समोरून आलेला वाऱ्याचा एक झोत किंवा छोटासा खड्डासुद्धा पुरतो. म्हणून कंपन्यांनी सीरिजमधले सेल वाढवत नेले, १६ सेलचे ६७.२ व्होल्ट, मग २० चे ८४, २४ चे १००.८, ३० चे १२६, आणि आता त्याच्याही वर. सगळ्यांना वाटतं हे स्पीडसाठी. स्पीडसाठी आहेच, पण त्याच वेगाला हाताशी जास्त व्होल्ट उरावेत हा त्यातला शहाण्यांचा भाग, अर्थात बरेचसे लोक ते उरलेले व्होल्टही स्पीडमध्येच उडवतात तो भाग निराळा.

इतिहासाकडे वळते, कारण तिथे हाच प्रश्न फार लवकर आला होता. दोन चाकांवर स्वतः तोल सांभाळणारं यंत्र जपानमध्ये काझुओ यामाफुजी यांनी १९८० च्या दशकातच केलं होतं. पण जगाला माहीत झालं ते ३ डिसेंबर २००१ ला, डीन केमन यांनी अमेरिकेत टीव्हीवर सेगवे दाखवली तेव्हा. तिचं मूळ मात्र एका व्हीलचेअरमध्ये होतं. केमन यांची आयबॉट नावाची व्हीलचेअर जिने चढायची आणि दोन चाकांवर उभी राहून बसलेल्या माणसाला उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर आणायची. तिचं आतलं नाव फ्रेड, म्हणून सेगवेचं जिंजर, फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या नाचणाऱ्या जोडीवरून. मला स्वतःला सेगवेपेक्षा आयबॉट कितीतरी मोठी गोष्ट वाटते, पण गाजावाजा झाला तो सेगवेचाच, शहरं बदलतील इथपर्यंत बोललं गेलं आणि शेवटी ती उरली पर्यटकांच्या टूरमध्ये आणि मॉलच्या सिक्युरिटीवाल्यांकडे.

तिची किंमत जवळपास ५ हजार डॉलर होती आणि लोक हसले तिला, दोन चाकं आणि एक दांडा एवढ्याचे इतके पैसे? पण व्हीलचेअरमध्ये बसलेला माणूस पडला तर चालत नाही, आणि त्याच विचारांच्या इंजिनिअरांनी सेगवे बनवली, म्हणून आत सगळं डबल होतं. बॅटऱ्या दोन, कंट्रोलर बोर्ड दोन, मोटरमध्ये एकमेकांपासून वेगळ्या दोन वाइंडिंग, जायरो तिनात भागत असताना पाच. एक बाजू मेली तरी दुसरी तुम्हाला सावकाश थांबवून खाली उतरवेल एवढी सोय. बाबांना दोन वाइंडिंगवाली गोष्ट भारी आवडली, म्हणाले असं काम करणारा माणूस झोपेतही चूक करायला घाबरत असेल.

आणि एवढं करूनही, सप्टेंबर २००३ मध्ये त्यांना तोपर्यंत विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे ६ हजार सेगवे परत बोलवाव्या लागल्या. कारण काय तर बॅटरी खाली आलेली असताना माणसाने अचानक वेग वाढवला, किंवा अडथळ्यावर आपटला, किंवा लो बॅटरीचा इशारा येऊनही चालवत राहिला, तर उभं ठेवायला पुरेशी पॉवर मिळत नव्हती. म्हणजे बाबांचाच प्रश्न. उपाय सॉफ्टवेअर बदलून केला. गंमत म्हणजे २००६ मध्ये पुन्हा सुमारे साडेतेवीस हजार गाड्या परत बोलवल्या, तेव्हाचं कारण वेगळं, वेग जास्त झाला की दांडा मागे रेलवून वेग कमी करायची जी सोय होती, ती चालू असताना माणूस उतरून पटकन परत चढला तर चाकं उलटी फिरायची. बॅलन्स करणाऱ्या कोडमध्ये साधं वाटणारं काहीच नसतं.

मग स्वस्ताई आली. शेन चेन नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकाने २०११ च्या सुमारास सोलोव्हील आणलं, दोन पायांच्या मधे एक चाक आणि दोन पेडल, दांडा नाही काही नाही. २०१३ मध्ये त्यानेच होव्हरट्रॅक्स आणलं आणि त्याच्या नकला चीनमधून इतक्या निघाल्या की २०१५ संपेपर्यंत सगळीकडे होव्हरबोर्डच होव्हरबोर्ड. सेगवेमधलं डबल-डबल सगळं गायब. एक पॅक, बहुतेक १० सीरिज २ पॅरलल, म्हणजे २० सेल, नावाला ३६ व्होल्ट, दीडशेच्या आसपास वॉट-अवर. आणि त्या गर्दीत कुठल्यातरी कारखान्यातले कुठलेही सेल. ते पेटायला लागले, चार्जिंगला लावलेले, कोपऱ्यात ठेवलेले. विमान कंपन्यांनी बंदी घातली, जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत एका फटक्यात ५ लाखांहून जास्त बोर्ड परत मागवले गेले, आणि यूएल २२७२ नावाचं स्टँडर्ड आलं, ज्यात नुसती बॅटरी नाही तर बॅटरी, चार्जर, वायरिंग असं सगळं मिळून तपासतात. ती सेगवे कंपनी दरम्यान २०१५ मध्ये चीनच्या नाइनबॉटने विकत घेतली, ज्या नाइनबॉटवर सेगवेने काही महिन्यांपूर्वीच पेटंट चोरीची तक्रार केली होती! आणि जुलै २०२० मध्ये मूळ सेगवे बनणं बंद झालं.

होव्हरबोर्डच्या आगीमुळे सगळ्यांचं लक्ष एका गोष्टीकडे गेलं, बॅटरीची सुरक्षा. चांगलंच झालं. पण या वाहनांमध्ये बॅटरीची सुरक्षा आणि माणसाची सुरक्षा कधीकधी एकमेकींच्या विरोधात उभ्या राहतात आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. कुठल्याही लिथियम पॅकमध्ये बीएमएस नावाचा बोर्ड असतो, एखादा सेल फार उतरला, करंट फार वाढला की तो पॅकची पॉवर तोडून टाकतो, लॅपटॉपमध्ये, ड्रिल मशीनमध्ये, सायकलमध्ये हेच बरोबर. इथे? ताशी ४० ने जाताना चढावर बीएमएसला करंट जास्त वाटला आणि त्याने शिस्तीत पॉवर तोडली. बॅटरी वाचली. तुम्ही रस्त्यावर. म्हणून बऱ्याच युनिसायकलमध्ये चार्ज होताना बीएमएस तोडू शकतो पण चालताना नाही, तिथे तो नुसता आरडाओरडा करतो आणि निर्णय कंट्रोलरवर आणि राइडरवर सोडतो. सेल खराब झाला तर झाला, माणूस आधी. मला हे डिझाइन पहिल्यांदा कळलं तेव्हा वाचून थोडी धडकी भरली होती, आता विचार केला तर दुसरं काय करणार?

मग उरतो इशारा. बीप असतात, ते वाऱ्यात आणि ट्रॅफिकमध्ये ऐकू येतीलच असं नाही. खरा इशारा म्हणजे टिल्टबॅक, वेग किंवा बॅटरीची मर्यादा जवळ आली की पेडलचा पुढचा भाग हळूहळू वर येतो, तुम्हाला मागे झुकावंच लागतं आणि वेग कमी होतो. पण मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य आठवा. पेडल वर उचलायला, तुम्हाला मागे कलवायला, चाकाला आधी तुमच्या पुढे जावं लागतं. म्हणजे इशारा द्यायलाही जास्तीचा जोर लागतो, आणि तो मागितला जातो नेमका तेव्हा जेव्हा जोर संपत आलाय! टिल्टबॅक म्हणूनच मर्यादेच्या बरंच अलीकडे लावायचा असतो, आणि तो आल्यावर "अजून जातंय की" म्हणून पुढे रेटणारा राइडर शिल्लक ठेवलेला जोरच खात असतो. जोर पूर्ण संपला की पेडल पुढे कोसळतं, याला सगळे कटआउट म्हणतात, जरी बऱ्याचदा काहीच कट झालेलं नसतं, फक्त मागणी देण्यापलीकडे गेलेली असते.

वनव्हीलमध्ये याच इशाऱ्याला पुशबॅक म्हणतात, बोर्डचं नाक वर येतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत सगळे मिळून सुमारे ३ लाख वनव्हील रिकॉलमध्ये आले, २०१९ ते २०२१ या काळातल्या ४ मृत्यूंची नोंद होती, मर्यादा ओलांडल्यावर बोर्ड तोल सांभाळणं थांबवू शकतं म्हणून. त्यावर जो उपाय निघाला तो मला फार हुशारीचा वाटतो, नव्या सॉफ्टवेअरमध्ये मोटरच थरथरून पायाला कंप देते. नाक उचलण्यासारखा त्याला चाकाचा वेग वाढवायला लागत नाही. अगदी जुन्या मॉडेलना मात्र तो अपडेट देता आला नाही, ती वापरणं बंद करा असंच सांगितलं.

बॅटरी रिकामी असताना काय होतं ते झालं, आता भरलेली असताना. या व्हीलना वेगळा ब्रेक नसतो, ना डिस्क ना पॅड. मोटरच जनरेटर होऊन थांबवते आणि ती वीज परत बॅटरीत जाते. छानच की, असं सगळ्यांना वाटतं. पण समजा तुम्ही उंचावर राहता, रात्रभर चार्ज केलं, १०० टक्के, प्रत्येक सेल ४.२ वर, आणि सकाळी दारातूनच लांबलचक उतार. ब्रेक लावलात की वीज तयार होते आणि ती ठेवायला जागाच नाही. व्होल्टेज वर चढायला लागतं, व्हील ओरडतं, पेडल उचलतं, आणि फारच झालं तर स्वतःला वाचवायला बंद पडू शकतं. म्हणून उतारावर निघायचं असेल तर ८५-९० टक्क्यांनाच प्लग काढायचा. ज्या वाहनाला रिकामी बॅटरीही चालत नाही आणि भरलेलीही चालत नाही त्याच्याबद्दल बाबा काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कायम ९० वर ठेवायचं असंही नाही पण. सीरिजमधले सेल हळूहळू एकमेकांपासून वेगळे पडतात, आणि त्यांना सारखं करायचं काम बऱ्याच बीएमएसमध्ये चार्जिंगच्या अगदी शेवटी होतं, भरलेल्या सेलची वीज छोट्या रेझिस्टरमधून जिरवत बाकीच्यांची वाट बघायची. म्हणून अधूनमधून पूर्ण चार्ज करून तसंच तास-दोन तास लावून ठेवावं लागतं, अर्थात आपण जागे असताना आणि जवळपास असताना.

थंडीत काय होतं तेही सांगून टाकते. गार पडलेल्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो, त्यामुळे जोर लावला की व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त खाली बसतं. साठा आहे, पण तो पाहिजे त्या क्षणी बाहेर येत नाही. या वाहनांत नेहमी हाच फरक करावा लागतो, किती वीज साठलीये ते वेगळं आणि आत्ता या क्षणी किती ओढता येईल ते वेगळं. नुसतं तोल सांभाळायला ऊर्जा तशी किरकोळ लागते, जागेवर उभं राहिलात तर बॅटरी कितीतरी वेळ पुरेल. प्रवासाचा हिशेबही फार नाही, किलोमीटरला साधारण २० वॉट-अवर धरा, म्हणजे हजार वॉट-अवरच्या पॅकवर ५० किलोमीटर. पण खड्ड्यातून बाहेर येताना अर्ध्या सेकंदापुरते चार-पाच किलोवॅट मागितले जातात, ते त्याच अर्ध्या सेकंदात मिळायला हवेत, पाऊण सेकंदाने आलेल्या पॉवरचा काही उपयोग नाही.

त्यामुळे कोणी मला विचारलं कुठलं व्हील घेऊ, तर मी म्हणते परवडेल आणि उचलेल तेवढी मोठी बॅटरी घे, रोज पाचच किलोमीटर जायचं असलं तरी. मोठ्या पॅकमध्ये पॅरललला जास्त सेल असतात, प्रत्येकावर करंट कमी येतो, व्होल्टेज कमी बसतं. लोकांना वाटतं मी लांबच्या राइडसाठी सांगतेय. आणि हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघे, हे बजेटमध्ये आधीच धर, उरलं तर घेऊ असं नको.

आता नव्या व्हीलमध्ये स्मार्ट बीएमएस यायला लागलेत, ॲपमध्ये एकेका सेल-गटाचं व्होल्टेज दिसतं. सीरिजमध्ये असल्यामुळे सगळ्यांमधून करंट एकच जातो, आणि जोर लावल्यावर जो सगळ्यात आधी खाली बसेल तो ठरवतो की पॅक खरं किती देऊ शकतं, बाकीचे सगळे कितीही ठणठणीत असोत. म्हणून निघण्याआधी मी टक्केवारीकडे बघत नाही. चढावर फोन खिशातच असतो, पण वर पोचले की रेकॉर्डिंग उघडून बघते, सगळ्यात कमकुवत गट चढावर किती खाली गेला होता. इतरांपेक्षा पाच-दहा शतांश व्होल्ट खाली असेल तर ठीक. त्याहून जास्त दिसायला लागलं तर परतीला वेग अर्धा, आणि पॅक उघडायची वेळ आलीये हे बाबांना सांगायचं, कारण सोल्डरिंगला ते मला हात लावू देत नाहीत.